दीड हात कागद

मी थाळी वाजवली. एकदाच, लाकडी दांडक्याने, पोरीच्या डोक्यामागे उभी राहून, अंगात होता तेवढा जोर लावून. टेबलावर निजलेली अकरा वर्षांची पोर दचकली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे वर गेले. हात आखडले, ओठ काळे पडले. ईसीजीच्या यंत्रातून कागद सुटत होता आणि त्यावरची सुई वेड्यासारखी नाचत होती. डॉक्टरांनी पोरीच्या छातीवर मूठ आपटली. नाडी नव्हती. मनगट माझ्या हातात होतं, म्हणून सांगते. कोपऱ्यात तिची आई उभी होती. 

"सायब, मेली जी पोरगी!" मी ओरडले.

"कागद तुटू देऊ नका," डॉक्टर म्हणाले.

हे त्यांचे शब्द आहेत, एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. पोर हातातून चालली होती आणि हा माणूस मला कागद सांभाळायला सांगत होता. मी कागद सांभाळला. त्याचा राग मला आजही येतो.

आता लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. ज्यांनी त्यांना पाहिलंही नाही ते म्हणतात. देवमाणूस वगैरे काही नव्हता. मी त्या दवाखान्यात आया होते आणि चौथीपर्यंत शिकलेली म्हणून मला ईसीजीच्या खोलीत लावलं होतं. यंत्रातून निघालेल्या पट्ट्या कापायच्या, कार्डावर चिकटवायच्या, वर नाव लिहायचं. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. माझ्याइतकं त्यांना कोणी पाहिलेलं नाही, म्हणून मीच सांगते.

चंद्रपूरचे दोन जिल्हे झाले, गडचिरोली वेगळं झालं, त्यानंतरची ही गोष्ट. आमचा तालुक्याचा दवाखाना लहान. एसटी समोर थांबायची, तिथून माणसं उतरायची, खाटेवर घालून आणलेली माणसं मागच्या दाराने यायची. असल्या जागी शहरातून आलेला डॉक्टर टिकत नसे. बदलीचा अर्ज खिशात घेऊनच यायचे. यांच्या खिशात मात्र कंपासपेटीतलं कर्कटक होतं. दोन टोकांचं, शाळेतली मुलं वापरतात ते. त्याने त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे फाटलेले होते.

त्या कर्कटकाने ते ईसीजीच्या कागदावरची बारीक घरं मोजायचे. काळजाचा ठोका पडतो तेव्हा कागदावर उंच टोकदार रेघ येते. तिच्यामागून एक बुटकी टेकडी येते. बाकीचे डॉक्टर टोकदार रेघ पाहायचे आणि कार्ड बाजूला ठेवायचे. हे टेकडी पाहायचे. टेकडी कुठे संपते तिथे कर्कटकाचं टोक रोवून बसायचे. एकदा मी विचारलं, काय पाहता एवढं त्यात?

"ठोका म्हणजे झालेलं काम, बाई," ते म्हणाले. "ही टेकडी म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी काळीज पुन्हा भरून तयार होतं तो वेळ. आणि तो वेळ काळीज एकटं ठरवत नाही. मेंदूतून हुकूम निघतो, मानेतून नसा खाली उतरतात, त्या सांगतात, लवकर भर, हळू भर. तुम्हाला विचारून नाही सांगत. तुम्ही झोपलात तरी सांगतात."

"मंग मले काऊन सांगता?" मी म्हणाले. मला तेव्हा चाळीस कार्डं चिकटवायची होती.

माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत. राहायची ती घरं. कंपाउंडरची टेकडी साडेनऊ घरांवर संपायची, तर त्याला ते 'साडेनऊ' म्हणायचे. "साडेनऊ कुठे गेला? चहाला?" मी दहा होते. माझं कार्ड त्यांनी भिंतीवर लावून ठेवलं होतं आणि नव्या माणसाला दाखवायचे, "हे चांगलं काळीज. वेळेवर भरतं." माझ्या नवऱ्याला मरून तेव्हा दोन वर्षं झाली होती, घरी म्हातारी सासू होती, ते त्यांना माहीतही नव्हतं. चार वर्षांत एकदाही त्यांनी मला "कशा आहात" असं विचारलं नाही. भिंतीवरचं कार्ड मात्र रोज पाहायचे.

दवाखान्यातली माणसं त्यांना टाळीवाले म्हणायची. कारण ते मागून यायचे, कानाजवळ जोरात टाळी वाजवायचे आणि लगेच मनगट धरून नाडी पाहायचे. परिचारिका शिव्या घालायच्या. स्वयंपाकीण एकदा डाळीची बादली घेऊन जात होती, हिने टाळी ऐकली आणि बादली सोडून दिली. पन्नास माणसांची डाळ फरशीवर. हे धावले. आम्हाला वाटलं बादली उचलायला. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि घड्याळात पाहत उभे राहिले. पाय भाजले होते तिचे! मी त्या दिवशी तोंडावर बोलले.

"सायब, तुमाले लाज हाये का?"

"थांबा, थांबा," ते म्हणाले, "मोजणं चुकेल."

थंड पाण्याची बादली हे दुसरं खूळ. विहिरीचं पाणी काढून आणायचं, त्यात माणसाला तोंड बुडवायला लावायचं आणि छातीला तारा लावून यंत्र चालू करायचं. तोंड गार पाण्यात गेलं की काळजाची चाल मंद होते, हे मीही पाहून पाहून शिकले. रुग्ण मिळाला नाही की स्वतःचं डोकं घालायचे आणि यंत्राचं बटन मला दाबायला लावायचे. थंडीच्या दिवसांतही केस ओले. एकदा तर शिपायाची बकरी आणून टेबलाला बांधली आणि तिला तारा लावल्या. शिपाई हात जोडून उभा.

"सायब, माह्या बकरीले कोनती बिमारी हाये जी?"

"बकरीला नाही. मला आहे. पाहायची बिमारी."

मग टाळी वाजवली. बकरीने यंत्राला लाथ घातली. त्यावर मोठ्या साहेबांनी, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी, मेमो दिला. यंत्र बिघडलं म्हणून नव्हे, कागद वाया गेला म्हणून. कागदाचे रोल कोणी पाठवायचे यावर वरच्या ऑफिसांची पत्रं चालली होती आणि तोवर आम्हाला नियम होता की प्रत्येक तारेचे तीन ठोके घ्यायचे आणि यंत्र बंद करायचं. टाळीवाले डॉक्टर हातभर कागद सोडायचे. तीन ठोक्यांत काय कळतं, म्हणायचे. नियम करणाऱ्याला एकदा टेबलावर निजवा, म्हणायचे. तेही मोठ्या साहेबांच्या समोर. असं बोललं की पुढे आपलं खरं कामही अडतं, एवढी अक्कल त्यांना नव्हती.

जिवतीकडच्या पहाडातून लेकीच्या गावी आलेला एक म्हातारा आमच्याकडे आला होता. भरमार बंदूक, नळीच्या तोंडातून बारूद भरायची ती, हातात फुटली होती, अंगठा उडाला होता. मी पट्टी धरून होते, डॉक्टर टाके घालत होते.

"कशी फुटली?"

"भरून राह्यलो होतो जी. आंदीच्या बाराची आग नळीत राह्यली असन. बारूद पुरी टाकून झाली नोती, तेवढ्यात भडकली."

डॉक्टरांचा टाका तसाच लोंबकळत राहिला. "म्हणजे भरणं पूर्ण व्हायच्या आत ठिणगी!" ते उठून उभे राहिले. "अगदी हेच! बाई, ऐकलंत? अगदी हेच!" आणि टाळ्या वाजवायला लागले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "माहा अंगठा गेला अन् हा टाळ्या पिटून राह्यला. याले घरचं कोनी नाई का वो बाई?"

त्यानंतर काळजाचं ते बंदुकीवरून सांगायला लागले. प्रत्येक ठोका म्हणजे एक बार. बार झाला की पुन्हा भरावं लागतं. माणूस घाबरला, दचकला की मानेतली नस हुकूम देते, लवकर लवकर बार काढ. चांगल्या माणसाचं काळीज मग भरतंही लवकर. पण लाखात एखादं असं असतं की ते भरायलाच उशीर लावतं, आणि हुकूम आला तरी त्याला घाई जमत नाही. अर्धं भरलेलं असताना ठिणगी पडते. मग काळीज थांबत नाही, नुसतं थरथरतं. रक्त पुढे ढकलत नाही. माणूस पडतो. थरथर आपोआप थांबली तर उठतो, नाहीतर नाही.

हे सगळं ते पोर यायच्या आधीपासून बडबडत होते. आम्हाला वाटायचं, खूळ आहे.

पोर पहिल्यांदा आली तेव्हा टाळीवाले रजेवर होते. वैनगंगेच्या पलीकडचं जंगलातलं गाव. गोंडी बोलणारी माणसं, धान आणि मोहफुलांवर जगणारी. तिची थोरली बहीण आधी आश्रमशाळेत सकाळच्या घंटेला पडली होती. आमच्या भागात माणूस बेशुद्ध पडला की कानाशी काशाची थाळी वाजवायचे, जीव परत यावा म्हणून. गोंडच करायचे असं कोणी समजू नये, माझ्या आजीने माझ्या भावासाठी वाजवली होती. थोरलीला घरी आणलं तेव्हा तिच्या कानाशीही वाजवली. ती जरा शुद्धीवर आलेली, थाळी ऐकून पुन्हा पडली, मग पुन्हा वाजवली, आणि ती उठलीच नाही. वर्षाने धाकटी तशीच पडायला लागली.

मोठ्या साहेबांनी धाकटीला मिरगीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाले, नाटक करते, शाळेत जायचं नाही हिला. आईला म्हणाले, लग्न लावून दे, बरी होईल. अकरा वर्षांची पोर! अजून परकराची नाडी धड बांधता येत नव्हती तिला.

आईला बाजारापुरतं मराठी येत होतं. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, हे आवाज झाला का पडते. आवाज नाई, तं पडत नाई. तू सांग सायबाले."

मी सांगितलं. मोठे साहेब हसले. म्हणाले, आवाज तर सगळ्यांनाच ऐकू येतो. मीही हसले. साहेब हसले की हसायचं, ही सवय होती. ते माझं मला माफ नाही.

तिसऱ्या खेपेला टाळीवाले होते. त्यांनी हातभर कागद सोडला, कर्कटक लावलं, पुन्हा लावलं, मग माझ्याकडे आले. "बाई, पंधरा! पंधरा घरं आहेत हिची!" एखाद्याला लॉटरी लागावी तसा चेहरा. मी म्हटलं, म्हणजे चांगलं का वाईट? तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पोर समोर आहे हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

त्यांनी तिला धडधड कमी करणारी गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांनी मला घेऊन त्या गावी गेले. रस्ता संपेपर्यंत जीप, पुढे पायी. आम्ही त्या घराशी पोचलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज नव्हता. गाईच्या गळ्यातल्या लाकडी घाट्यात चिंधी कोंबली होती. कोंबडा नव्हता. आरवायचा म्हणून आईने कापला होता. कुत्रं मावशीच्या घरी, दुसऱ्या टोल्यावर, म्हणजे पलीकडच्या वस्तीत. दाराच्या बिजागरीला मोहाच्या बियांचं तेल लावलेलं. पोरीला मागून कोणी हाक मारत नव्हतं. समोर यायचं, तिला दिसायचं, मग हळू बोलायचं. घरातल्या थाळ्या आईने चुलीमागे फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या आणि पानावर जेवत होते. गावाने तिला सांगितलं होतं, थाळी वाजवू देत नाहीस, लेकरू तूच मारशील. ती ऐकत नव्हती.

शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई. जे मोठ्या साहेबांना दोनदा तपासून कळलं नाही, ते तिने एक लेक गमावून ओळखलं होतं.

डॉक्टरांनी अंगणात चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले. त्या दिवशी त्यांनी टाळी वाजवली नाही. आई आणि ते खाली बसून बराच वेळ बोलत होते, तोडक्यामोडक्या मराठीत. मी पोरीबरोबर बाहेर होते. पोर मला मोहाची फुलं दाखवत होती. आत काय बोलणं झालं ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

गोळी चालू असतानाच पोर पुन्हा पडली. वीज कडाडली तेव्हा. डॉक्टर म्हणाले, आता नागपूरला नेऊन मानेतली डावीकडची नस कापावी लागेल, हुकूम देणारी नस. पण तिकडच्या पत्रावर मोठ्या साहेबांची सही हवी होती. ते मोठ्या साहेबांकडे पट्टी घेऊन गेले. मी बाहेर उभी होते, दार उघडं होतं.

"यंत्र खराब आहे," मोठे साहेब म्हणाले. "नाहीतर तू खराब आहेस. बकरीला लावलेलं यंत्र."

"हिची बहीण मेली आहे, सर."

"जंगलात माणसं मरतात. आवाजाने काळीज बिघडतं हे मला कागदावर दाखव. दाखव आणि सही घे. तोवर माझ्या टेबलावर असले कागद आणू नकोस."

कागदावर दाखव. पोर पडली नाही तर कागदावर येणार काय? आणि पडली तर? एवढा शिकलेला माणूस बोलताना विचार करत नाही, आणि त्याचं बोलणं दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराच्या छातीवर जाऊन पडतं.

दुसऱ्या आठवड्यात आई पोरीला घेऊन आली. डॉक्टरांनी तारा लावल्या, पोरीला चार गोष्टी सांगितल्या, ती हसली. मग त्यांनी माझ्या हातात काशाची थाळी आणि दांडकं दिलं. "मी मान हलवली की वाजवा. जोरात. एकदाच." मला वाटलं, रोजचंच टाळीचं खूळ. वाटलं म्हणजे काय, मी वाटून घेतलं. घंटेने बहीण मेली, विजेने ही पडली, हे मला माहीत होतं. पण त्यांनी मान हलवली आणि माझा हात उठला. वीस वर्षं नोकरी केली की हात हुकमाने उठतो, मधे डोकं लागत नाही.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

डॉक्टरांनी छातीवर दुसरी मूठ आपटली आणि सुई एकदम खाली बसली. सरळ रेघ. ती सरळ रेघ किती लांब होती ते मला माहीत आहे, पण सांगवत नाही. मग एक उंच टोक आलं. थांबून दुसरं. मग मनगटात माझ्या बोटाखाली काहीतरी हललं. पोरीने दीर्घ श्वास घेतला, डोळे उघडले आणि "एर" म्हणाली. पाणी. आईने पाणी पाजलं. पोर माझ्या हातातल्या दांडक्याकडे पाहत होती. मी ते अजून धरून होते.

डॉक्टर खाली बसून कागद मोजत होते. थरथरीचा भाग, पिळलेल्या दोरीसारखा, माझ्या हाताने दीड हात भरला. "सत्तावीस सेकंद," ते म्हणाले. मग पहिल्या घरापासून पुन्हा मोजायला लागले.

मोठे साहेब धावत आले. कागद पाहिला. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं की कोरड पडली, देव जाणे. मग दोन कागद लिहिले. एक, पोरीला नागपूरला न्यावं म्हणून. दुसरा, डॉक्टरांनी जाणूनबुजून रुग्णाचा जीव धोक्यात घातला म्हणून. एकाच टेबलावर, एकाच पेनाने. तीनदा पोर दारात आली आणि स्वतः काय केलं, यावर तिसरा कागद काही लिहिला नाही.

चौकशीला वरच्या ऑफिसातून तिघं आले. मला बोलावलं.

"थाळी कोणी वाजवली?"

"म्या वाजवली."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"डॉक्टर सायबाच्या."

"काय होईल हे तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाई."

"आईला सांगितलं होतं?"

"मले नाई मालूम."

खरं तेच सांगितलं. आजही तेच सांगेन. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, निर्णय माझा, सर्वस्वी माझा, मी कोणालाही विचारलं नव्हतं. थाळीही मीच बाजारातून आणली होती, असं म्हणाले. त्यांची बदली झाली, दक्षिणेला, जिथे लोक तेलुगू बोलतात त्या टोकाला. वेतनवाढ रोखली. मला कोणी काही केलं नाही. फक्त दवाखान्यातल्या बायका म्हणायला लागल्या, हिच्या हाताने पोर मरता मरता राहिली.

मग आई गोळ्या न्यायला आली. पोर तिच्या मागे. मला पाहून पोर आईच्या पदराआड गेली. मी आईला सरळ विचारलं, "तुले मालूम होतं का वो, डॉक्टर काय करनार हाये ते?"

"होतं."

"थाळी कोनाची होती?"

"माही. चुलीमागची. मीच पदराखाली आनली." तिने माझ्या डोळ्यांत पाहून सांगितलं. "सायब घरी आला तवाच बोलला होता, आवाजानं पडते हे कागदावर दाखवा लागन. मरन म्हणला, कदाचित मरन. मी म्हणलं, नाई. घरीच ठेवली. मंग ईज कडाडली. गाईच्या घाट्यात चिंधी कोंबली बाई. आभाळात कशी कोंबू? मंग मीच आली. सायबाले म्हणलं, जंगलात पडन तं कोन हाये? तुह्यासमोर पडू दे एक डाव. वाजव म्हणला मले. माहा हात नाई उठला. थोरलीच्या कानाशी मीच वाजवली होती."

मी तिथेच बाकावर बसले. म्हणजे दोघांना सगळं माहीत होतं. दोघांनी ठरवलं, दोघांनी एकमेकांना झाकलं. चौकशीत डॉक्टर खोटं बोलले, कारण खरं सांगितलं असतं तर साहेबांनी अडाणी आईवर सगळं ढकललं असतं. हे मला समजतं. आईचा हात का उठला नाही, तेही समजतं. पण हात माझा घेतला. मला विचारलं नाही. आणि त्या पोरीला? टेबलावर निजलेलीला कोणी विचारलं? तिला चार गोष्टी सांगून हसवलं आणि मागून थाळी वाजवली. तिला विचारायला हवं होतं असं त्या दोघांच्याही मनात आलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीला कळतं. बहीण कशी मेली हे तिला माहीत होतं.

डॉक्टर सामान बांधत होते तेव्हा मी त्यांच्या खोलीवर गेले. सामान म्हणजे एक पेटी आणि ईसीजीच्या पट्ट्यांची गाठोडी.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाजवली नसती."

"नसतीच वाजवली."

"म्हणून नाही सांगितलं."

"अन् पोरगी मेली असती तं?"

"तर मी मारली असती, बाई. तुम्ही नाही."

"हात माहा होता!"

त्यांनी पेटीला कुलूप लावलं. चौकशीत तुम्ही बरोबर सांगितलंत, एवढं म्हणाले, जसं काही मी त्यांच्याकडून शाबासकी घ्यायला गेले होते. मग एक गाठोडं उचलून एसटीकडे चालायला लागले. चुकलं, असं म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली. एसटी सुटेपर्यंत उभी राहिले. खिडकीतून त्यांनी मला विचारलं, यंत्रात नवीन रोल घातलात का?

दोन वर्षांनी त्यांना तिकडेच हिवताप झाला, डोक्यात चढला आणि ते गेले. वय पन्नासही नव्हतं. मेल्यावर त्यांना देवमाणूस म्हणणारे निघाले, त्यात मोठे साहेबही होते. मोठ्या साहेबांनी निवृत्तीच्या भाषणात ती पट्टी स्वतःच्या कामाची म्हणून सांगितली, असं मी ऐकलं. मी ऐकायला गेले नव्हते. गेले असते तर उठून बोलले असते.

नागपूरला पोरीच्या मानेतली डावी नस कापली. त्याने तिची डावी पापणी थोडी खाली आली, तेवढंच. पुढे ती शिकली, अंगणवाडीत लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली. दोघांच्या पट्ट्या काढून घेतल्या. एकाला गोळी चालू आहे. माझ्या समोर यायला तिला बरीच वर्षं लागली. आली तेव्हा मी तिला सांगितलं की मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मले होतं जी, मावशी. मायनं सांगतलं नोतं, पन थाळी वळखू आली. मी मान वळवून तुमाले तेच सांगनार होती, का जरा थांबा, तेवढ्यात वाजली."

आईही आता नाही. त्या खोलीत त्या दिवशी आम्ही चौघं होतो. त्यातल्या दोघी जिवंत आहोत, ती आणि मी.